थर्मामीटर बिघडलेला नसतो: उष्णतेच्या प्रयोगातल्या या चुका टाळा

नवी बॅच आली की पहिल्याच प्रॅक्टिकलला कुणीतरी हात वर करतं, “सर, आमचा थर्मामीटर बंद पडलाय.” बीकरमध्ये बर्फ, खाली बर्नर चालू आणि पारा शून्यावर ठाण मांडून बसलेला. तो बसणारच. पुण्यातल्या प्रयोगशाळेत वीस वर्षं हेच वाक्य ऐकतोय.

घोळ एकच, तापमान आणि उष्णता सारखीच समजण्याचा. बर्फ वितळत असताना दिलेली उष्णता घट्ट बसलेले कण सुटे करण्यात खर्च होते, पारा चढवायला काही उरत नाही. ही अप्रकट उष्मा. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला ८० कॅलरी, म्हणजे ३३४ ज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी पुढे थेट ८० अंशांवर जातं! स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७६०च्या दशकात हे ओळखलं. त्याचा मुद्दा साधा होता: शून्यावर पोचताच सगळं बर्फ वितळत असतं, तर दर वसंतात डोंगराखालची गावं पुरात गेली असती.

एका वर्षी तीन पोरांच्या गटाने दोनदा थर्मामीटर बदलून घेतला, बर्नर फुल केला आणि शेवटी कंटाळून गाईड उघडलं. जर्नलमध्ये आलेख कसा, तर पट्टीने आखल्यासारखा. दर मिनिटाला बरोबर दहा अंश, शून्यापासून शंभरापर्यंत, आणि खाली ठसठशीत अक्षरात ‘उत्कलनांक १००’. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. विचारलं, “हे पाणी कुठे उकळलंत, मुंबईला जाऊन?” उत्तर आलं, “सर, पुस्तकात शंभरच आहे.” मार्क कापले आणि शनिवारी पुन्हा बोलावलं. त्या दिवशी आलेखाला दोन सपाट पायऱ्या आल्या, एक बर्फ वितळताना, दुसरी पाणी उकळताना, आणि त्यातलाच एक जण मला सांगत होता, “सर, पारा अकरा मिनिटं हललाच नाही!” हेच तर बघायचं होतं.

माझी पद्धत सांगतो. बर्फ कुटून घ्या. मोठे खडे वर तरंगतात, खालचं पाणी तापतं आणि बर्फ शिल्लक असतानाच पारा चार-पाच अंश दाखवायला लागतो. आच मंद ठेवा. बल्ब तळाला टेकवू नका. ढवळायला काचेची कांडी घ्या, थर्मामीटर नव्हे. फरशीवरचा पारा मी पुरेसा गोळा केलाय. दर अर्ध्या मिनिटाला वाचन लिहा, आकडा तोच असला तरी तोच बारा वेळा लिहा. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी चहाही करू नये.

अप्रकट उष्मा मोजायच्या प्रयोगात बर्फ टिपकागदाने पुसून टाका. ओल्या बर्फात पाचवा हिस्सा आधीच पाणी असेल तर उत्तर ८० ऐवजी ६४ येतं, आणि मग पोरं आकडेमोड ‘जुळवत’ बसतात.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक नवसागराची, म्हणजे अमोनियम क्लोराइडची. परीक्षानळीत पाणी घेऊन नवसागर टाकला की नळी गार पडते. लगेच जर्नलमध्ये: ‘नळी थंड झाली, म्हणजे उष्णता बाहेर पडली, म्हणून उष्मादायी (उष्णता बाहेर सोडणारी).’ अरे, बाहेर पडली तर हात पोळला असता! विरघळताना नवसागराने पाण्याची, काचेची आणि तुमच्या तळहाताची उष्णता ओढून घेतली. एका मोलला (रसायनशास्त्रात पदार्थ मोजायचं एकक) सुमारे १५ किलोज्यूल. म्हणून ही प्रक्रिया उष्माग्राही, म्हणजे उष्णता घेणारी, आणि उष्णतेच्या आकड्यापुढचं चिन्ह धन. मी पोरांना चिन्ह पाठ करू देत नाही. आधी नळी मुठीत धरा, मग सांगा कुणी घेतली आणि कुणाची घेतली.

बाकीच्या थोडक्यात. अणूंमधले बंध तुटताना ऊर्जा लागते, जुळताना सुटते; उलटं लिहू नका. ज्यूल आणि किलोज्यूल एकाच बेरजेत नकोत. सेल्सिअसचं केल्विन करताना २७३ मिळवतात, पण तापमानातल्या फरकात ते मिळवायचे नसतात. उकळत्या पाण्यातले बुडबुडे हायड्रोजन-ऑक्सिजनचे नाहीत, ती पाण्याचीच वाफ. आणि त्या वाफेपासून हात लांब ठेवा: शंभर अंशांची एक ग्रॅम वाफ नुसतं पाणी होतानाच सुमारे २२६० ज्यूल सोडते, तर शंभर अंशांचं तेवढंच पाणी अंगाच्या तापमानाला येईपर्यंत २६० च्या आसपास. आम्ल नेहमी पाण्यात, थोडं थोडं; पाणी आम्लात कधीच नाही.

कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो भयंकर तापतो, म्हणून त्या प्रयोगाला घरून आइसक्रीमचा प्लॅस्टिकचा कप आणू नका. दरवर्षी एक जण आणतो, आणि दरवर्षी टेबल मी खरवडतो.