नव्या इलेक्ट्रिक कारवर डीलरकडून खरी सूट कशी मिळवावी

इलेक्ट्रिक कार घ्यायला निघालेल्या माणसाला मुंबईत पहिला सल्ला हमखास मिळतो, तो म्हणजे "महिनाअखेरीला जा आणि ताणून धर." सल्ला चुकीचा नाही, पण तेवढ्याने फारसे साधत नाही. आजवर स्वतःच्या दोन आणि नातेवाइकांच्या व सोसायटीतल्या शेजाऱ्यांच्या मिळून सात इलेक्ट्रिक गाड्यांच्या व्यवहारांत मी शोरूमच्या टेबलाशी बसलो आहे. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे, की लोक सूट मागायला कमी पडत नाहीत, मिळालेली सूट मोजायला कमी पडतात.

मॉडेल आणि व्हेरिएंट ठरले आहे, टेस्ट ड्राइव्ह झाली आहे आणि कर्ज घ्यायचे असल्यास बँकेकडून व्याजदर कळला आहे, असे मी धरून चालतो. रंगाबाबत मात्र दोन पर्याय मोकळे ठेवावेत, कारण यार्डात उभी असलेली गाडी काढण्यात डीलरला अधिक रस असतो. एक अपवाद आधीच लक्षात घ्यावा. काही कंपन्या गाडी स्वतःच विकतात आणि तिची किंमत सर्वत्र एकच असते. वांद्रे-कुर्ला संकुलात जुलै 2025 मध्ये उघडलेले टेस्लाचे शोरूम त्यातलेच आहे. अशा ठिकाणी घासाघीस करण्यात वेळ घालवू नये.

सूट कशाला म्हणू नये

सेल्समन ज्या फायद्यांची यादी सुरुवातीलाच वाचून दाखवतो, त्यांतले बरेचसे डीलरच्या खिशातून येत नाहीत. इलेक्ट्रिक वाहनांवर ऑगस्ट 2019 पासून 5 टक्के जीएसटी आहे. महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणाने वाहन करातली माफी पुढे चालू ठेवली. अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची टोलमाफीही त्याच धोरणातून आली आहे. यांतले काहीही बोलणीच्या टेबलावर "आमच्याकडून" म्हणून मांडता येत नाही. याहून वाईट प्रकार आयकर कायद्याच्या कलम 80ईईबीचा आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरील व्याजासाठी दीड लाखापर्यंत मिळणारी ती वजावट 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती, तरी ती अजून मिळते असे सांगणारे मला भेटले आहेत. नव्या कर्जाचा हिशेब करताना ती रक्कम धरू नये.

केव्हा आणि कुठे

मागणी पितृपक्षात मंदावते, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वर्ष बदलण्याआधी स्टॉक काढायचा असतो आणि मार्चअखेरीस उद्दिष्टे पूर्ण करायची असतात, तेव्हा बोलणी त्याच दिवसांत करावीत. पाडव्याला किंवा धनत्रयोदशीला गाडी घरी आणायची असेल, तर किंमत आधी लेखी ठरवावी आणि डिलिव्हरी मुहूर्तावर घ्यावी.

कोटेशन तीन ठिकाणांहून घ्यावे, पण ती ठिकाणे तीन वेगवेगळ्या मालकांची असावीत. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतली अनेक शोरूम एकाच डीलरच्या शाखा असतात आणि एका शाखेचा भाव दुसरीला सांगून काहीच हलत नाही. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक पाहावा. दोन कागदांवर तोच क्रमांक असेल तर मालक एकच आहे. नोंदणी आपल्या पत्त्यानुसार ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली यांपैकी आपल्या आरटीओकडेच होते, त्यामुळे वाशीच्या डीलरकडून गाडी घेतल्याने काही बिघडत नाही.

कोटेशन फोडणे

हीच ती पायरी, जिथे मी स्वतः सपशेल चुकलो होतो, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो. पहिली इलेक्ट्रिक कार घेताना पूर्व उपनगरातल्या एका शोरूममध्ये सेल्समनने ब्रोशरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने "60,000" असा आकडा लिहिला, त्याभोवती दोनदा गोल काढला आणि म्हणाला, "काका, एवढी सूट मुंबईत कोणी देणार नाही." मी त्या गोलाकडेच पाहत राहिलो. घरी येऊन छापील कोटेशन वाचले, तेव्हा विम्याचा हप्ता बाहेरच्या दरापेक्षा 24,000 रुपयांनी जास्त होता, न मागितलेली अ‍ॅक्सेसरी किट 18,000 रुपयांची होती आणि "हँडलिंग" या नावाने आणखी 7,500 रुपये लावले होते. माझ्या पदरात खरी सूट पडली होती साडेदहा हजार. बुकिंगची रक्कम मी तोवर भरून मोकळा झालो होतो.

असे का होते, हे समजून घेतले तर पुढची बोलणी सोपी होतात. पेट्रोल गाडीचा ग्राहक ऑइल, फिल्टर आणि इंजिनाच्या कामांसाठी वर्षानुवर्षे वर्कशॉपमध्ये येत राहतो. इलेक्ट्रिक गाडीत ही कामेच नसल्याने डीलरची सर्व्हिसमधली कमाई घटते आणि विमा, कर्ज, अ‍ॅक्सेसरी व वाढीव वॉरंटी विकून ती पहिल्याच दिवशी भरून काढण्याकडे त्याचा कल असतो. म्हणून सूट देताना तो उदार दिसतो आणि विम्याचे नाव काढताच ताठर होतो.

त्यामुळे "सूट किती?" हा प्रश्न मी आता विचारतच नाही. प्रत्येक डीलरकडून एक्स-शोरूम किंमत (विमा आणि नोंदणीच्या आधीची), कंपनीची स्कीम, डीलरची स्वतःची सूट, एक्सचेंज बोनस (जुनी गाडी दिल्याबद्दलची रक्कम), विमा, टीसीएस (डीलरने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आगाऊ आयकर), आरटीओशी संबंधित खर्च, अ‍ॅक्सेसरी आणि इतर आकार अशा वेगळ्या ओळी मागतो. एक्स-शोरूम 14,50,000 रुपयांची गाडी उदाहरण म्हणून घेऊ आणि टीसीएस तूर्त बाजूला ठेवू. पहिला डीलर 70,000 सूट देतो, पण विमा 82,000, अ‍ॅक्सेसरी 25,000 आणि हँडलिंग 8,500 लावतो, म्हणजे बेरीज 14,95,500 होते. दुसरा फक्त 45,000 सूट देतो, विमा 56,000 रुपयांत बाहेरून घेऊ देतो आणि बाकी काही लावत नाही, तेव्हा बेरीज 14,61,000 होते. कमी सूट देणाऱ्याकडे गाडी 34,500 रुपयांनी स्वस्त पडते.

विम्याच्या ओळीवर सर्वाधिक वेळ द्यावा. विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती त्याला करता येत नाही. "बाहेरच्या विम्यावर कॅशलेस मिळणार नाही" हे विधान तर सरळ तपासून पाहता येते, कारण कॅशलेस सोय, म्हणजे दुरुस्तीचे पैसे परस्पर वर्कशॉपला मिळणे, विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर अवलंबून असते आणि ती यादी विमा कंपनीकडे मिळते. नव्या कारला तृतीय पक्ष विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो आणि त्याचा दर ठरलेला असतो, त्यामुळे फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात आणि जादा संरक्षणाच्या अ‍ॅड-ऑनमध्ये. तुलना करताना आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि अ‍ॅड-ऑन दोन्हीकडे तेच आहेत ना, हे पाहावे. हप्ता कमी दिसावा म्हणून बॅटरी आणि पाण्यामुळे होणाऱ्या नुकसानीचे संरक्षण मात्र कधीही काढू नये. अंधेरी सबवे दर पावसाळ्यात भरतो, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि इलेक्ट्रिक गाडीत सर्वांत महाग वस्तू तळाशीच असते.

जुनी गाडी विकणार असाल तर तिच्या विम्यावरचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या विमा कंपनीकडून पत्र घेऊन राखून ठेवावा. तो 50 टक्क्यांपर्यंत असू शकतो, नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर लागू होतो आणि डीलरच्या पहिल्या कोटेशनमध्ये तो मला एकदाही दिसलेला नाही.

बाहेरच्या विम्याचा आकडा हाती आला, की तो डीलरसमोर ठेवून दोनच पर्याय द्यावेत. एक तर त्याने तेवढ्याच हप्त्यात तीच पॉलिसी द्यावी, नाहीतर आपण ती बाहेरून घेऊ. माझा अनुभव असा आहे, की पहिल्या पर्यायासाठी सेल्समन उठून सेल्स मॅनेजरकडे जातो आणि दहा मिनिटांत नवा कागद घेऊन परततो.

हँडलिंग आणि लॉजिस्टिक्स या नावांच्या रकमा सरळ नाकाराव्यात. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो. आरटीओच्या ओळीत मोठी रक्कम दिसली तर तिच्या पावत्या मागाव्यात, कारण वाहन कर माफ आहे आणि केंद्राने ऑगस्ट 2021 मध्ये बॅटरीवरच्या वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राच्या शुल्कातूनही सूट दिली आहे.

सूट बिलातच दाखवून घ्यावी. एक्स-शोरूम 10,30,000 ची गाडी 50,000 सूट वजा करून बिलात 9,80,000 ला आली, तर ती दहा लाखांच्या आत येते आणि 1 टक्का टीसीएस लागतच नाही. सूट "नंतर खात्यावर जमा करू" असे कोणी म्हटले, तर मी त्या डीलरकडून गाडी घेत नाही.

जुनी गाडी

जुन्या गाडीचा भाव दोन बाहेरच्या खरेदीदारांकडून काढून ठेवावा आणि नव्या गाडीची किंमत ठरेपर्यंत तिचा विषयच काढू नये. एक्सचेंज बोनस 40,000 देऊन जुन्या गाडीचा भाव 50,000 ने पाडलेला असेल, तर तो बोनस आपणच भरलेला असतो.

गाडी कधीची आहे

मोठी सूट असते तिथे बहुधा जुना स्टॉक असतो, म्हणून बोलणी पक्की होण्याआधी चॅसिस क्रमांक मागावा. बहुतेक गाड्यांच्या 17 अक्षरी क्रमांकात दहावे अक्षर वर्ष सांगते. आर म्हणजे 2024, एस म्हणजे 2025 आणि टी म्हणजे 2026. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) निर्मितीचा महिना व वर्ष छापले जाते आणि पुढे विकताना गिऱ्हाईक तेच पाहते. इलेक्ट्रिक गाड्यांत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, कारण बॅटरीच्या सेलचे दर उतरले की गाडीच उघडपणे स्वस्त होते. टाटा मोटर्सने फेब्रुवारी 2024 मध्ये नेक्सॉन ईव्हीची किंमत 1,20,000 रुपयांपर्यंत कमी केली होती. मागच्या वर्षीची गाडी घेण्यात गैर काही नाही, मात्र तिची सूट चालू वर्षाच्या गाडीपेक्षा भरीव असावी. शिवाय बॅटरीची वॉरंटी कोणत्या तारखेपासून मोजली जाणार हे लिहून घ्यावे, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीची 12 व्होल्टची छोटी बॅटरी तपासून घ्यावी. बॅटरी भाड्याने देणाऱ्या योजनेतली किंमत साध्या किमतीशी कधीही ताडून पाहू नये, कारण तीत दर किलोमीटरचे पैसे वेगळे असतात.

प्रत्यक्ष मागणी

मागणी सेल्समनकडे नव्हे, सेल्स मॅनेजरकडे करावी, कारण डीलरच्या वाट्याची सूट मंजूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. मी असे सांगतो : "कंपनीची स्कीम मला माहीत आहे, ती सगळ्यांकडे सारखीच आहे. तुमच्या बाजूने अमुक रक्कम कमी करून एकूण आकडा इतका येत असेल, तर मी आज बुकिंग करतो." आकडा नेमका सांगावा आणि त्यानंतर आपण गप्प बसावे. कंपनीची स्कीम आणि डीलरची सूट यांची सरमिसळ होऊ दिली, तर मॅनेजर कंपनीचेच पैसे आपल्या नावावर देऊन मोकळा होतो. कॉर्पोरेट आणि लॉयल्टी सूट या वेळी विचाराव्यात.

रोख सूट संपली, असे ते म्हणाले, तर चार्जरकडे वळावे. भिंतीवरचा चार्जर बसवताना ठरावीक लांबीपर्यंतचीच केबल मोफत असते आणि मुंबईच्या इमारतींत मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतचे अंतर त्याहून बरेच जास्त निघते. माझ्या शेजाऱ्यांची जागा तिसऱ्या पोडियमवर होती आणि वाढीव केबलचा खर्च ऐकून त्यांची झोप उडाली. आम्ही अंतर आधीच टेपने मोजून नेले होते, म्हणून तो खर्च व्यवहारात धरून घेता आला. सोसायटीची परवानगी अजून मिळालेली नसेल, तर चार्जर नंतर बसवून देण्याची मुदत लिहून घ्यावी.

पैसे भरताना

ठरलेल्या सर्व ओळींचे कोटेशन शिक्का आणि सहीसह घ्यावे किंवा डीलरशिपच्या ईमेलवरून मागवावे. बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हेही त्यातच असावे. स्कीम बहुधा बिलाच्या महिन्याला लागू होते, बुकिंगच्या नाही. तेव्हा डिलिव्हरी पुढच्या महिन्यात गेली तरी किंमत हीच राहील, हे वाक्य त्यात घालून घ्यावे. त्याशिवाय मी आता बुकिंग करूच देत नाही, कारण माझ्या मेहुण्यांची गाडी चार दिवस उशिरा आली आणि त्यांचे 30,000 रुपये बुडाले.

उरलेली रक्कम डीलरशिपच्या बँक खात्यावरच भरावी आणि तीही बिलाचा मसुदा व चॅसिस क्रमांक कोटेशनशी जुळवून पाहिल्यावरच. टीसीएस भरला असेल तर पॅन क्रमांक बरोबर घातला आहे का, ते त्याच वेळी पाहावे. ती तिमाही संपल्यावर महिन्या-दीड महिन्याने आयकराच्या पोर्टलवर आपल्या नावावर ती रक्कम दिसली पाहिजे. दिसत नसेल तर डीलरच्या अकाउंट्स विभागाला लेखी कळवावे, कारण चौदा लाखांच्या गाडीवर ते 14,000 रुपये होतात आणि विवरणपत्र भरताना ते आपल्याला वळते करून मिळतात.