दुसऱ्या बाळानंतर आयांचा ग्रुप कसा शोधावा, कसा वापरावा

दुसऱ्या खेपेला सगळे धरून चालतात की हिला सगळं येतं. पहिल्या वेळी माहेरी सव्वा महिना शेक-शेगडी, मालिशवाल्या मावशी, अळिवाचे लाडू. दुसऱ्या वेळी थोरलीची शाळा बुडू नये म्हणून मी कर्वेनगरच्या घरीच राहिले. आई येऊन-जाऊन असायची, पण दुपारभर बोलायला मोठं माणूस नाही. म्हणून सांगते, दुसरटकरणीला आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची गरज पहिलटकरणीपेक्षा जास्त असते.

ग्रुप मात्र निवडून घ्या. फार मोठ्या ग्रुपात तुमचा प्रश्न जाहिरातींखाली गाडला जातो. साधारण एकाच सुमारास बाळंत झालेल्या, पुण्यातल्याच बायका असतील तर उत्तम. असे ग्रुप दवाखान्यातल्या बाकावर सापडतात. 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसींना तेच तेच चेहरे दिसतात, शेजारी बसलेलीला सरळ विचारा, "तुमचा काही ग्रुप आहे का हो?"

आत गेलात की तुमचा नंबर सगळ्यांना दिसणार. म्हणून व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत जाऊन प्रोफाइल फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करा. बाळाचं पूर्ण नाव, दवाखान्याची फाइल, अंघोळीचे फोटो तिथे टाकू नका.

पहिला मेसेज नुसता "हाय" नको. मी लिहिलं होतं: "कर्वेनगरला राहते. थोरली चार वर्षांची, धाकटा दीड महिन्याचा. पाजायला बसले की थोरली मांडीवर चढते. तुम्ही काय केलंत?" वाकडच्या एकीचं लगेच उत्तर आलं: एक डबा फक्त थोरलीचा ठेवायचा, बाळ प्यायला लागलं की उघडायचा, त्याचं झालं की मिटायचा. आम्ही श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला. त्यात खडू, स्टिकर, जुन्या राख्या आणि मूठभर मनुका. थोड्याच दिवसांत थोरली स्वतःच विचारायला लागली, "आई, बाळाला भूक लागली का गं?" हे कुठल्याही डॉक्टरांनी मला सांगितलं नसतं.

पण डॉक्टरांचं काम ग्रुपला सांगू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, बाळ दूध ओढेना, मलूल पडलं, शू कमी झाली, तर मेसेज टाईप करत बसायचं नाही. रात्र असली तरी निघायचं. घुटी आणि ग्राइप वॉटरचे सल्ले हमखास येतील. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही.

नोकरी करणाऱ्यांना कोणीतरी ठामपणे सांगेल, "दुसऱ्याला बाराच आठवडे रजा." तसं नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या अटींत बसणाऱ्या आईला दुसऱ्या बाळासाठीही 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. बारा आठवडे आधीच दोन मुलं असतील तर.

आणि स्वतःबद्दलही लिहा. दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळ झोपल्यावरही डोळा लागत नसेल, तर ग्रुपमधल्या मैत्रिणी धीर देतील, पण तेवढ्यावर राहू नका. डॉक्टरांना सांगा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मनात स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच क्षणी घरच्यांना उठवा.

ग्रुप म्यूटवर ठेवा, फोटो आपोआप डाउनलोड होणं बंद करा, कामाच्या मेसेजला स्टार द्या. बाळांच्या वजनांची तुलना सुरू झाली की खुशाल बाहेर पडा.

जवळ राहणाऱ्या एकदोघींना मात्र प्रत्यक्ष भेटा. आम्ही थोरल्यांना घेऊन कमला नेहरू पार्कात जातो. एक जण दोन्ही बाळांपाशी बसली की दुसरीला थोरल्यांबरोबर घसरगुंडीपाशी जाता येतं.