मुलासाठी मुंबईत धोबी तलावची सेंट झेवियर्स शाळा बघायला जाताय?

मरीन लाइन्सला उतरा, धोबी तलावपर्यंत चालत पाच-दहा मिनिटं. शाळा जेझुइट फादरांनी 1869 मध्ये काढली, त्याच वर्षी कॉलेजपण सुरू झालं, त्यामुळे पत्ता विचारताना हायस्कूल असं नीट सांगा नाहीतर लोक कॉलेजला पाठवतात. सुनील गावस्कर इथलेच विद्यार्थी! म्हणून मुलाला क्रिकेटचं वेड असेल तर हॅरिस शील्ड, जाइल्स शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धांसाठीची टीम, कोच आणि प्रॅक्टिस कुठे होते हे आधी विचारा, आझाद मैदान तर जवळच आहे. मग लॅब, लायब्ररी, टॉयलेट स्वतः बघा, नुसत्या फोटोवर जाऊ नका. आणि शाळा सुटायच्या वेळेला गेटवर थांबून पालकांशी बोला, खरी माहिती तिथेच मिळते.