आरएमची ऑफर सही करण्याआधी कशी वाचायची

एमआर (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) म्हणून यवतमाळला बॅग उचलली, एबीएम (एरिया बिझनेस मॅनेजर) म्हणून अमरावती-अकोला केलं आणि शेवटची वर्षं नागपूर हेडक्वार्टरला राहून विदर्भ आणि छत्तीसगड सांभाळलं. आता घरीच असतो, त्यामुळे जुन्या टीममधले पोट्टे ऑफर लेटरचा फोटो सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. ‘सर, अठराचं पॅकेज आहे, घेऊ का?’ प्रत्येकाला फोनवर तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. हे औषध कंपन्यांतल्या रिजनल मॅनेजरबद्दल, म्हणजे आरएमबद्दल आहे. साबण-बिस्किटवाल्यांचं आणि बँकवाल्यांचं गणित वेगळं.

हुद्द्यावर जाऊ नका, हाताखालची माणसं मोजा

काही कंपन्यांत आरएम म्हणजे एमआरचा थेट साहेब. हाताखाली चार-पाच पोरं, रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीवर मागे बसून डॉक्टरांकडे फिरायचं. दुसरीकडे याच कामाला एबीएम म्हणतात. खरा आरएम सेकंड लाइनचा: पाच-सहा एबीएम, त्यांच्याखाली पंचवीस-तीस एमआर, आणि महिन्याचा टार्गेट कोटीच्या घरात. कार्डावर दोघांचं पद एकच असतं, पगारात दुप्पट फरक असू शकतो.

माझ्या पाहण्यातलं ढोबळ चित्र असं. छोट्या कंपनीत आरएमला वर्षाला सात-आठ लाखांपासून सुरुवात होते. मध्यम आणि मोठ्या भारतीय कंपनीत सेकंड लाइनला बारा ते वीस. परदेशी कंपनी असेल किंवा कॅन्सर, क्रिटिकल केअर अशी मोजक्या डॉक्टरांची डिव्हिजन असेल, तर पंचवीसच्या पुढेही जातं. तिथे टीम लहान असते, पण एकेका डॉक्टरमागचा धंदा मोठा असतो, म्हणून माणूस महाग.

आतून बढती मिळालेला आणि बाहेरून आणलेला यांच्यातही फरक पडतो. बढतीत जुन्या पगारावर काही टक्के चढवतात, बाहेरच्याला बाजारभाव द्यावा लागतो. पंधरा वर्षं एकाच कंपनीत निष्ठेने राहिलेला आरएम कालच आलेल्या आरएमपेक्षा कमी घेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अन्याय आहे, पण एचआरला तो दिसत नाही. तुम्हाला आतून बढती मिळत असेल तर ‘या पदाचा पगाराचा बँड (कमीत कमी ते जास्तीत जास्त) काय आहे आणि मी त्यात कुठे बसतोय’ एवढं विचारायला लाजू नका.

अठरा लाखांचे हातात किती?

आता कागद घेऊन बसा. समजा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, १८ लाख. त्यात बेसिक ९ लाख, एचआरए ३,६०,०००, स्पेशल अलाउन्स १,०२,०००, कंपनीचा पीएफ १,०८,०००, ग्रॅच्युइटी ४३,२९०, मेडिक्लेमचा हप्ता १६,७१० आणि व्हेरिएबल, म्हणजे टार्गेट झाला तरच मिळणारा इन्सेन्टिव्ह, २,७०,०००. बेरीज बरोबर अठरा लाख.

पोट्टा मनात भागाकार करतो: महिना दीड लाख. प्रत्यक्षात दरमहा फक्त पहिले तीन आकडे मिळतात, म्हणजे १,१३,५००. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ९,००० जातो, व्यवसाय कर २०० जातो (फेब्रुवारीत ३००). नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी ७५,००० ची स्टँडर्ड वजावट घेऊन, सेस धरून वर्षाचा कर ७५,९७२ होतो, म्हणजे महिना साधारण ६,३३०. उरले ९८ हजारांना थोडे कमी. गृहकर्जाचा हप्ता ठरवायचा तो या आकड्यावर.

ग्रॅच्युइटीची ओळ वाचून हसायला येतं. कायम नोकरीत ती पाच वर्षं भरल्यावर मिळते. फार्मातला आरएम तीन वर्षांत उडी मारतो, म्हणजे या उदाहरणात १,२९,८७० रुपये ‘पॅकेज’मध्ये दिसले आणि कंपनीकडेच राहिले. दोन ऑफर शेजारी ठेवताना ही ओळ आणि मेडिक्लेमची ओळ दोन्हीकडून खोडा, मग तुलना करा.

बेसिक निम्मं का धरलं, तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. त्यात भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. जुन्या ऑफरमध्ये बेसिक पस्तीस-चाळीस टक्के असायचं. पीएफ पूर्ण बेसिकवर आहे की १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८००, हेही विचारा. दुसऱ्या पद्धतीत हातात जास्त येतं आणि म्हातारपणासाठी कमी साठतं.

व्हेरिएबल नकाशावर ठरतं

एवढा एकच भाग वाचलात तरी चालेल. वरचे २,७०,००० म्हणजे तिमाहीला ६७,५००. ते मिळणार की नाही हे तुमच्या कष्टापेक्षा तुम्ही कुठला रिजन हातात घेताय यावर ठरतं.

पहिला प्रश्न रिकाम्या जागांचा. समजा ३० एमआरची टीम, पीसीपीएम (एका एमआरमागे महिन्याचा सेल) साडेतीन लाख. रिजनचा महिन्याचा टार्गेट १ कोटी ५ लाख. जॉइन झालात आणि कळलं की चार हेडक्वार्टर रिकामी आहेत, म्हणजे त्या गावांना एमआरच नाही. टार्गेट कमी होत नाही, तो तीस माणसांचाच राहतो. उरलेल्या २६ जणांनी आपापला टार्गेट शंभर टक्के केला तर झाले ९१ लाख. रिकाम्या जागांवर जुनी प्रिस्क्रिप्शन चालू राहून निम्मा माल गेला असं धरा, ७ लाख. एकूण ९८ लाख, म्हणजे ९३.३ टक्के. इन्सेन्टिव्हचा स्लॅब ९५ पासून सुरू होत असेल तर तुमच्या खात्यात शून्य. टीममधल्या एकानेही टार्गेट चुकवला नाही, एमआरचे इन्सेन्टिव्ह निघाले, आणि साहेब कोरडा. ‘सर, तुमचा काऊन नाही निघाला?’ असं एबीएम विचारतो तेव्हा उत्तर द्यायला जीभ उचलत नाही. म्हणून सहीआधी विचारायचं: आज किती जागा रिकाम्या आहेत, कुठल्या आहेत, आणि रिकाम्या जागेचा टार्गेट माझ्या इन्सेन्टिव्हमधून वगळणार का. तोंडी ‘हो हो’ चालणार नाही. इन्सेन्टिव्ह पॉलिसीत ते वाक्य दाखवा म्हणायचं.

दुसरा प्रश्न, हिशेब प्रायमरीवर की सेकंडरीवर. कंपनीने स्टॉकिस्टला दिलेला माल प्रायमरी. स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे गेलेला सेकंडरी. इन्सेन्टिव्ह प्रायमरीवर असेल तर आधीचा साहेब जाता जाता मार्चमध्ये गांधीबागेतल्या स्टॉकिस्टांच्या गळ्यात माल मारून गेलेला असतो. त्याचं वर्ष गोड झालं. तुम्ही एप्रिलमध्ये येता आणि स्टॉकिस्ट म्हणतो, ‘साहेब, आधी आहे तो विकू द्या.’ सहा महिन्यांनी एक्स्पायरी आणि ब्रेकेजचे खोके परत येतात, तेही तुमच्याच सेलमधून वजा.

हे ओळखायचं कसं? गेल्या सहा महिन्यांचं स्टॉक स्टेटमेंट मागा. एचआर देणार नाही, पण तुमचा होणारा साहेब, म्हणजे झोनल मॅनेजर, इंटरव्ह्यूत आकडे तरी सांगतो. मोठ्या पाच स्टॉकिस्टांची क्लोजिंग (महिनाअखेर शिल्लक माल) महिन्याभराच्या सेलएवढी असेल तर ठीक. दोन-अडीच महिन्यांची असेल तर पहिल्या दोन तिमाहीचं व्हेरिएबल विसरा आणि तेवढा पगार फिक्समध्ये मागा. झोनल मॅनेजर टाळाटाळ करत असेल तर बाजारात जाऊन एखाद्या ओळखीच्या स्टॉकिस्टकडे चहा प्या. नागपुरात गांधीबाग, पुण्यात सदाशिव पेठ. कुठल्या कंपनीचा माल पडून आहे हे तिथल्या काउंटरवरच्या पोराला तोंडपाठ असतं.

तिसरं, ग्रोथ कुठून येणार. टार्गेट गेल्या वर्षापेक्षा १५ टक्के वर असेल तर त्यातले किती टक्के नुसत्या भाववाढीचे, ते बघा. जीवनावश्यक यादीतल्या औषधांच्या कमाल किमती सरकार घाऊक महागाईच्या दराने दर एप्रिलला बदलते. २०२३ ला तो दर १२ टक्क्यांच्या वर होता, २०२४ ला ०.००५५१ टक्के, २०२५ ला १.७४ टक्के. यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला जास्तीत जास्त १० टक्के वाढवता येतात. तुमच्या डिव्हिजनचा मोठा ब्रँड यादीत असेल तर सगळी वाढ नवीन प्रिस्क्रिप्शनमधूनच काढायची, आणि तेच खरं कठीण. उलट शुगर-बीपीच्या, यादीबाहेरच्या ब्रँडचा आरएम झोपूनही सात-आठ टक्के करतो. (असे दोन-तीन आरएम मला माहीत आहेत. मीटिंगमध्ये फार जोरात बोलतात.)

बेसचं वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या सेलवरून टार्गेट काढलाय, तेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याच्या आधीचे काही आठवडे केमिस्ट-स्टॉकिस्टांनी माल उचलताना हात आखडता घेतला. त्या तिमाहीवर बांधलेला टार्गेट सोपा पडतो, पुढच्या तिमाहीवरचा जड.

अँटिबायोटिक आणि सर्दी-तापाची डिव्हिजन असेल तर पावसाळ्यात कमवायचं आणि उन्हाळ्यात सोसायचं. तिथे इन्सेन्टिव्ह तिमाही आहे की वार्षिक हा प्रश्न फार महत्त्वाचा. वार्षिक असेल तर पावसाळ्याची कमाई उन्हाळा खातो.

डीए, गाडी आणि रात्री

डीएला, म्हणजे फिरतीच्या रोजच्या भत्त्याला, पगारात धरू नका. हेडक्वार्टर, एक्स-हेडक्वार्टर आणि आउटस्टेशन असे तीन दर असतात, आणि कुठलं गाव कशात बसवलंय यावर तुमचा खिसा ठरतो. नागपूरहून अमरावती एक्स-हेडक्वार्टर धरलं असेल तर रात्री घरी परत यायचं गृहीत आहे. संध्याकाळी डॉक्टरांची ओपीडी नऊपर्यंत चालली आणि तुम्ही मुक्काम केला, तर लॉजचं बिल तुमचं. रायपूर, गडचिरोली, गोंदिया अशा रिजनला महिन्यातल्या निम्म्या रात्री बाहेर जातात. कोल्हापूर-गोवा रिजनवाल्याला सीझनमध्ये पणजीत कंपनीच्या दरात खोली मिळत नाही. लॉजिंग प्रत्यक्ष बिलावर आहे की ठरावीक रकमेत, ते आधी बघा.

गाडी स्वतःची असेल तर किलोमीटरमागे दर मिळतो. पेट्रोल शंभरच्या वर, गाडी पंधराचं अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे नुसतं इंधन सात रुपये. कंपनी दहा देत असेल तर उरलेल्या तीन रुपयांत टायर, सर्व्हिसिंग, विमा आणि गाडीची झीज. टोल वेगळा मिळतो का, विचारा.

पगार बोलताना

सध्याच्या पगाराच्या स्लिप मागतातच. सोबत फॉर्म १६ ठेवा. गेल्या वर्षी प्रत्यक्ष मिळालेलं व्हेरिएबल त्यातल्या एकूण पगारात धरलेलं असतं, आणि मिळालं असेल तर तुमची बाजू भक्कम होते. ‘मला तीस टक्के वाढ हवी’ असं म्हणू नका. ‘सीटीसी राहू द्या, पण व्हेरिएबल पंधरावरून दहा टक्क्यांवर आणा’ असं म्हणा. एकूण खर्च वाढत नाही म्हटल्यावर एचआर पटकन ऐकतं, आणि वरच्या उदाहरणात तुमच्या फिक्समध्ये वर्षाला ९०,००० ची सोय होते. तेही जमत नसेल तर पहिल्या दोन तिमाहीचं व्हेरिएबल हमखास धरून लेखी मागा. रिकाम्या जागांचा रिजन गळ्यात घालत असतील तर हे मिळतं, मी मिळवून दिलेलं आहे.

त्याच पदावर आधी कोण होता आणि तो का गेला, हे त्यालाच फोन करून विचारा. फार्मात कुणाचा नंबर मिळत नाही असं होत नाही. विचारायचं एवढंच: गेल्या चार तिमाहींत इन्सेन्टिव्ह किती वेळा निघाला?

सरकारी बँकेतला रिजनल मॅनेजर या भानगडीत नसतो. मार्च २०२४ च्या करारानंतर तिथे स्केल चारचं बेसिक १,०२,३०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. स्केल सगळ्यांना माहीत, बोलणी शून्य, बदली मात्र देशात कुठेही.

शेवटी निघतानाचे पैसे. नोटीस पीरियड दोन महिने की तीन, तो पैसे भरून सोडता येतो का, आणि भरायचे तर बेसिकवर की ग्रॉसवर, हे जॉइन होतानाच वाचून घ्या. जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत द्यायचा ते बघा. फुल अँड फायनल (नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब) अडकवण्याची एक ठरलेली जागा म्हणजे स्टॉकिस्टांची थकबाकी आणि सेटल न झालेले एक्स्पायरी क्लेम. त्यामुळे राजीनाम्याचा मेल टाकण्याआधी प्रत्येक स्टॉकिस्टकडून सही-शिक्क्याचं बॅलन्स कन्फर्मेशन घ्या आणि त्याची प्रत कंपनीच्या मेलवर न ठेवता स्वतःकडे ठेवा. राजीनामा पडला की कंपनीचा मेल सगळ्यात आधी बंद होतो.