तेलविहिरीच्या पाण्यातलं रेडियम मोजताना या चुका टाळा

समुद्रातल्या विहिरीतून तेलासोबत खडकातलं खारं पाणी येतं. विहीर जुनी झाली की तेल कमी, पाणीच जास्त. या पाण्यात रेडियम-२२६ आणि रेडियम-२२८ ही किरणोत्सर्गी रेडियमची दोन रूपं विरघळलेली असतात. ज्यांच्या विघटनातून ती बनतात ते मूळ पुरुष, युरेनियम आणि थोरियम, मात्र बहुतांशी खडकातच राहतात. त्यामुळे 'युरेनियम सापडलं नाही' या अहवालावर निर्धास्त होऊ नका.

सगळ्यात जास्त घोळ बाटलीत होतो. नमुना भरला, आम्ल घातलं नाही, आठवड्याने प्रयोगशाळेत पोचला. तोवर थोडं रेडियम बाटलीच्या भिंतीला चिकटलेलं असतं आणि तळाशी पांढरी साय दिसते: बेरियम सल्फेट. रेडियम त्यातच अडकतं. वरचं नितळ पाणी मोजलं की आकडा कमी येतो आणि सगळे खूश! नायट्रिक आम्ल भरतानाच घाला, कारण एकदा बसलेला हा गाळ त्याने विरघळत नाही. विरघळलेलं रेडियम आणि कणांतलं वेगवेगळं हवं असेल, तर गाळणी आम्लाच्या आधी. गाळ दिसलाच, तर तोही मोजणीत धरा.

गॅमा किरणांच्या मोजणीत घाई नडते. रेडियम-२२६ची स्वतःची रेषा १८६ केईव्हीला (हे किरणांच्या ऊर्जेचं एकक), पण युरेनियम-२३५ही जवळपास तिथेच बोलतं. म्हणून रेडियमपासून रेडॉनमार्गे बनणाऱ्या बिस्मथ-२१४ची ६०९ची रेषा बघतात. ती खरी तेव्हाच, जेव्हा डबा हवाबंद करून साधारण तीन आठवडे ठेवलाय. मधला रेडॉन वायू आहे, अर्धायुष्य ३.८ दिवस, झाकण सैल असेल तर तो निसटतो. आम्ही नुसतं झाकण न लावता सांध्यावर सील लावतो.

आकडा अचानक घसरला, तरी आनंद मानू नका. तेलाच्या खडकातला दाब टिकवायला त्यात समुद्राचं पाणी सोडलं असेल, तर त्यातलं सल्फेट (लिटरला सुमारे २.७ ग्रॅम) खडकातल्या पाण्यातल्या बेरियमला भेटतं आणि पाइपात कठीण थर बसतो. रेडियम तिथे जाऊन बसलंय. बेरियम आणि सल्फेटही सोबत मोजा, म्हणजे चोर सापडतो.

पाइपाबाहेर किरणोत्सर्ग मोजणारा मीटर शांत, म्हणजे आत स्वच्छ, असंही नाही. अल्फा कण पोलाद ओलांडत नाहीत, रेडियमच्या साखळीत पुढे बनणाऱ्या शिसं-२१०चे मंद गॅमाही जवळपास तिथेच अडतात. पाइप उघडल्यावर आतून मोजा. आणि तो थर कोरडा खरवडू नका. धूळ श्वासात जाते. आधी ओला करा, मास्क लावा, मग हात लावा.