जीपमधून खुर्चीत

नऊ वर्षं मी नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात कुपोषणाच्या कामावर होते. एके दिवशी विश्वस्तांनी सांगितलं, आता सगळा कार्यक्रम तुम्हीच बघायचा. दुसऱ्या दिवसापासून कालपर्यंत माझ्या गाडीवर मागे बसणाऱ्या मुली मला 'मॅडम' म्हणू लागल्या. ताईची मॅडम झाले की कामातलं खरं काही कानावर येत नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

संस्थेने मला नेतृत्व प्रशिक्षणाला पाठवलं. सहा महिने, त्यात तीन वेळा पुण्यात निवासी. बाकीचं ऑनलाइन, म्हणजे धडगावला गच्चीवर रेंज शोधत. कागदी पेल्यांचे मनोरे रचायचे खेळ मी विसरले. तुम्हीही विसराल.

एक गृहपाठ मात्र जड गेला: महिनाभर सहकाऱ्यांना उत्तर द्यायचं नाही, उलट विचारायचं. पहिल्याच आठवड्यात एका पाड्यावर आमची नवी मुलगी बाळाच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावून बसली. माप ११.५ सेंटिमीटरच्या रेघेवरच. त्याखाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण; वर पिवळं, म्हणजे मध्यम. तिने माझ्याकडे बघितलं, "ताई, तुमीच सांगा ना, आमले काय समजस!" माझा हात पट्टीकडे गेलाच होता, तो मागे घेतला. विचारलं, "तुला काय वाटतं?" तिने पट्टी काढली, बाळाचा हात सैल सोडला, खांदा आणि कोपराच्या मधली जागा पुन्हा मोजली. ११.३ आलं. आधी पट्टी सरकली होती. पुढचं तिनेच आशाताईंशी बोलून ठरवलं. मी नुसती बसून होते, आणि ते बसणं डोंगर चढण्याहून अवघड होतं.

दुसरा धडा पैशांचा, तो सगळ्यांनी आधीच शिकावा. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत करता यायचा. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर मर्यादा २० टक्के झाली. व्यवस्थापनातल्या माणसांचा पगार त्यातच धरतात. म्हणजे बढती मिळाली की तुम्ही अंदाजपत्रकाच्या दुसऱ्या, अरुंद रकान्यात जाता. मला हे अकाउंटंटने चहा पिता पिता सांगितलं, नाहीतर कळलंच नसतं.

कागदांचं तर विचारू नका. आमचे एक विश्वस्त वारले. विश्वस्त बदलल्याचा अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्यायचा असतो, तो कोणीच दिला नाही, कारण ते कोणाचंच काम नव्हतं. पुढच्या वर्षी एका कंपनीने विश्वस्तांची अद्ययावत यादी मागितली आणि निधी अडला. दोन महिने पाच जणींचे पगार रखडले. प्रमुख झालात की पहिल्या आठवड्यात न्यासाच्या नोंदणीचा उतारा काढून बघा, त्यावरची किती माणसं हयात आहेत ते मोजा. हसू नका.

आणि नकार द्यायला शिका. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचं, वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून जानेवारीत देणगीदारांची घाई सुरू होते: सर्वेक्षण करा, फोटो पाठवा. इकडे दिवाळीनंतर अर्धे पाडे ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात, होळीला, भोंगऱ्याच्या म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजाराच्या सुमाराला परततात. तेव्हा रिकाम्या घरांची कुलपं मोजून अहवाल भरायचा का? आधी मी 'हो, बघते' म्हणायचे. आता करारावर सही करण्यापूर्वीच लिहून देते: मोजणी पावसाळ्यात एकदा, होळीनंतर एकदा. दोन कंपन्या मान्य झाल्या. तिसरीने फोन उचलायचं सोडलं.

परवा देणगीदारांच्या बैठकीला त्या पट्टीवाल्या मुलीलाच पाठवलं. अर्ध्या अहिराणीत बोलली म्हणे. मी नंदुरबारच्या ऑफिसात बसून दर दहा मिनिटांनी फोनकडे बघत होते.