अंजनाचं झाड लावताय? रोपाची उंची नको, पिशवीचा तळ बघा

अंगणात अंजन लावायचा तर तयारी मृगाच्या आधी हवी. जागा भर उन्हाची, भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब. झाड 60 फुटांच्या वर जाऊ शकतं.

सातपुड्यात अंजन मुरमाड, उथळ, निचऱ्याच्या जमिनीत वाढतो. तापीकाठच्या गच्च काळ्या मातीत मुळाशी पाणी साचलं की त्याचं काही खरं नाही. म्हणून 2 फुटी खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्या, तळ पहारीनं फोडा, भरताना मुरूम सढळ हातानं मिसळा. शेणखत जुनंच.

आता रोप. घाई इथेच होते. अंजनाचं सोटमूळ सुरुवातीला शेंड्यापेक्षा कितीतरी वेगानं वाढतं. त्याला खाली ओल गाठायची असते. पिशवीत खाली जागाच नसते, मग ते गोल फिरतं, आणि ते वेटोळं जमिनीत गेल्यावरही सुटत नाही. वरून पालवी छान दिसते, मूळ मात्र वरच्या मातीतच अडकलेलं असतं. मागच्या खेपेला मी कमरेएवढं रोप उंची बघून आणलं, तळ पाहिला नाही. मे महिन्यात ते उभ्या उभ्या वाळलं. तेव्हा त्याच वर्षीचं लहान रोप मागा, पिशवी उचला, तळ बघा. मुळं बाहेर आलेली किंवा गुंडाळलेली असतील तर रोप नकोच म्हणा. नर्सरीवाला 'चालतं हो' म्हणेल, ऐकू नका. खड्डा कितीही चांगला केला तरी वेटोळ्या मुळाला त्याचा उपयोग नाही.

त्यापेक्षा बी बरं. एप्रिल-मेमध्ये झाडाखाली चपट्या, कागदासारख्या शेंगा पडतात, बी एका टोकाला असतं. पाऊस लागला की खड्ड्यातच तीन-चार बिया टोचा, पुढे जोमदार रोप ठेवा. पिशवीचा प्रश्नच मिटला.

कुंपण त्याच दिवशी. अंजनाचा पाला जनावरांचा आवडता चारा आहे, बकरी एका सकाळीत रोप संपवते. बुंध्यापासून वीतभर सोडून केळीची वाळकी पानं पसरा. वाळवीवर लक्ष असू द्या. जळगावात पारा 45 च्या पुढे जातो, म्हणून पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. रोज शिंपडू नका, मुळं वरच राहतात.

उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गळली तर उपटू नका. साल नखानं खरवडा. आत हिरवं असेल तर तांबूस पालवी येईल. छाटणी इतक्यात नको.